चाळीसावरचं कापरं

दुसऱ्याचं बरं पाहून पोटात दुखतं असं लोक म्हणतात, ते मला नुसतं बोलणं वाटायचं. पण हिरालाल गजभिये फौजेतून रिटायर होऊन मोहाडीला परत आला आणि मला खरोखरच दुखायला लागलं. जेवण झाल्यावर, डाव्या बाजूला. माझी बायको शकुन ओवा-मीठ हातावर ठेवायची. खरा रोग तिला माहीत होता.

मी भोजराज मिस्त्री. तुमसर रोडवर माझं गॅरेज, म्हणजे टिनाचा एक शेड, खाली खड्डा आणि बाहेर बाभळीखाली दोन बाजा. एकोणीसशे एकोणऐंशी सालची ही गोष्ट. तोवर वीस वर्षं मोहाडीत कुणाचं ट्रॅक्टर बंद पडो की पंपाचं इंजिन, निरोप माझ्याकडेच यायचा. पण माझी खरी इज्जत ट्रॅक्टरवर नव्हती, ती एका गाडीवर होती. राइस मिलवाल्या केशवरावांची एकसष्ट सालची अँबॅसेडर. मीटरमध्ये अजून मैल, दारं बंद करायला दोनदा आपटावी लागत, पण माझ्या हाताखाली ती रस्त्यात एकदाही उभी राहिली नव्हती.

त्या गाडीवर माझा जीव का, तर केशवरावांची बायको कुंताबाई माझ्या गावची, एकोडीची. तिचं घर आणि आमचं घर एका गल्लीत. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. सारी मिल मला मिस्त्री म्हणायची, खुद्द केशवराव मिस्त्री म्हणायचे, आणि ती एकटी भर अंगणात 'भाऊ' म्हणून हाक मारायची. भाऊबीजेला मला पाटावर बसवून ओवाळायची. मिलमालकाच्या घरात मातीतेलाच्या हातांचा माणूस पाटावर बसतो, हे लोकांनी पाहावं असं मला फार वाटायचं. खोटं कशाला सांगू.

आदल्या वर्षी कुंताबाई मिलच्या जिन्यावरून पडली होती. मणका दुखावला. दर तीन आठवड्यांनी तिला नागपूरला हाडाच्या डॉक्टरकडे न्यावं लागायचं, वजन लावून कंबर ओढायला. मागच्या सीटवर गादी टाकून ती आडवी व्हायची आणि केशवराव स्वतः गाडी चालवायचे. आणि ह्याच गाडीला एकोणऐंशीच्या आषाढात कापरं भरलं.

भंडाऱ्यापर्यंत काही नाही. रस्ताच तसा की गाडी तीसच्या वर जात नाही. पण भंडाऱ्याच्या पुढे हायवेला काटा चाळीसावर आला की खालून थरथर सुरू. पायाखालचा पत्रा, सीट, काचा, सगळं. पंचेचाळीसला तर बोलणाऱ्याचा आवाज कापायचा. पस्तीसवर आणलं की गाडी परत शहाणी. पण पस्तीसने नागपूर गाठायचं तर डॉक्टर उठून जायचा, म्हणून चाळीसने जावंच लागायचं.

मी म्हटलं, चिखल. रोवणीच्या दिवसांत केशवराव गाडी थेट बांधीपर्यंत घेऊन गेले होते. धानाच्या शेतातला तो चिखल, गाडी अर्ध्या चाकापर्यंत फसली आणि बैलजोडी लावून ओढावी लागली. रिमच्या आत एका बाजूला चिखल वाळून बसला की चाक लंगडं फिरतं, हे कुणीही सांगेल. मी चारही चाकं उतरवली, रिम आतून खरडून धुतली. कापरं तसंच. मग इंजिनची रबरं बदलली. कापरं तसंच. टायर फिरवले, बेअरिंग पाहिले, स्टिअरिंगमधला ढिलेपणा काढला. दर वेळी मी छाती ठोकून सांगायचो की आता बाई झोपून जाईल, आणि दर वेळी नागपूरहून परत आल्यावर कुंताबाईला दोघींनी धरून उतरवावं लागायचं. ती मला मात्र म्हणायची, "थोडं कमी वाटलं, भाऊ." मला ते खरं वाटायचं. मला ते खरं वाटून घ्यायचं होतं.

इकडे हिरालालने आठवडी बाजाराजवळ गॅरेज टाकून बूड टेकलं होतं. फौजेच्या वर्कशॉपात अठरा वर्षं, हवालदार होऊन आलेला. शर्ट खोचलेला, खिशात एक वही. माझ्यासारखा कान लावून ऐकायचा नाही. काय केलं, काय फरक पडला, हे वहीत लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात कारण लिहायचा. कारण सापडल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. मी बाभळीखाली बसून लोकांना सांगायचो की हा डॉक्टर नाही, तलाठी आहे. लोक हसायचे आणि पंप त्याच्याकडे घेऊन जायचे.

केशवरावांनी एकदा माझ्याजवळ त्याचं नाव काढलं. मी म्हटलं, फौजेत ट्रक असतात, तिथे कापरं कळत नाही, कारण सगळंच कापतं. ते हसले आणि विषय सोडला. पण भादव्यात, तिसऱ्या खेपेनंतर, त्यांनी मला विचारलं नाही. मी मिलवर गेलो तर हिरालाल गाडीजवळ उभा होता, आणि कुंताबाई व्हरांड्यातल्या खाटेवरून त्याला सांगत होती की कापरं कधी सुरू होतं, कुठे जास्त लागतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तिने असं बसून कधी सांगितलं नव्हतं. आता कळतं की मी कधी विचारलंच नव्हतं. तेव्हा एवढंच दिसलं की माझी बहीण दुसऱ्या मिस्त्रीशी बोलते आहे.

हिरालाल मला पाहून म्हणाला की बरं झालं आलात, तुम्हीही चला. मी मागच्या सीटवर बसलो, ती जिथे आडवी व्हायची तिथे.

भंडारा ओलांडून हायवेवर त्याने गाडी पंचेचाळीसवर नेली. थरथर सुरू झाली तशी गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद केलं. गाडी आपल्या जोराने घरंगळत होती आणि कापरं तसंच होतं. म्हणजे इंजिन नाही. रस्त्याच्या कडेला थांबून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. दोघांनी मिळून. परत चाळीस. कापरं तिथेच, तितकंच. म्हणजे चाक नाही. त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या. मग मागे वळून मला म्हणाला, "इंजिन नाई, चाक नाई. मधात फिरते काय? शाफ्ट. उद्या दहा वाजता शाफ्ट उतरवतो."

मी मान हलवली. आणि त्याच क्षणी मला आठवलं, त्या शाफ्टला काय बांधलंय ते.

ते सांगायचं तर आदल्या दसऱ्याकडे जावं लागेल. कुंताबाई पडली तेव्हा एकोडीच्या पार्वताबाईने सांगितलं होतं की घरावर नाही, गाडीवर नजर आहे. मोहाडीत एकटीच गाडी, नजर लागणारच. तिने काळ्या कापडात एक पुडी बांधून दिली. आत बैलाच्या खुराची नाल, बिबा आणि आणखी काय ते तिलाच ठाऊक. ही फिरत्या लोखंडाला बांधायची, म्हणजे नजरही फिरून जाते, कुणाला दिसता कामा नये आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. कुंताबाईने ते काम ना नवऱ्याला सांगितलं ना गड्याला. मला सांगितलं. गाडीत सतत फिरतं आणि वरून दिसत नाही असं लोखंड मला तिथल्या तिथे सुचलं, आणि आपल्या हुशारीचं मला कौतुकही वाटलं. इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट. त्याला मी ती पुडी तारेने घट्ट आवळून बांधली.

नऊ महिने काही झालं नाही, पुडी लहान होती. पण बांधीतल्या चिखलात गाडी फसली तेव्हा त्या पुडीवर चिखल चढला आणि वाळून मुठीएवढा गोळा झाला. मी आषाढापासून दहा वेळा गाडीखाली झोपलो होतो. दहा वेळा तो गोळा माझ्या नाकासमोर होता. मी त्याच्या आजूबाजूचं सगळं पुसलं आणि त्याला हात लावला नाही, कारण ती बाईची वस्तू होती. तो मला गाडीचा भाग वाटतच नव्हता. मिनिटाला हजारदा फिरणाऱ्या शाफ्टला एका बाजूला नाल बांधायची आणि मग गाडी का कापते म्हणून चाकं धुवायची, असा मी मिस्त्री.

उद्या दहा वाजता हिरालाल खाली जाणार आणि ते पाहणार. वहीत लिहिणार. कारण : भोजराज.

सकाळी सहाला मी मिलवर गेलो. चौकीदाराला सांगितलं की माझा जॅक राहिला आहे. गाडीखाली शिरलो, तार कापली, गोळा पिशवीत टाकला आणि परत येताना गावाबाहेरच्या बोडीत नेऊन बुडवला. तळ्यात सोडताना हात जोडले. कुणाला जोडले ते विचारू नका.

दहा वाजता मी बाभळीखाली बसून राहिलो. हिरालालने शाफ्ट उतरवला, खुणा करून ठेवल्या, दोन्ही टोकांच्या सांध्यातले क्रॉस हातात घेऊन फिरवून पाहिले, ग्रीस मारलं आणि शाफ्ट जसा होता तसा परत चढवला. दुपारी केशवराव त्याला शेजारी बसवून हायवेला गेले. चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. गाडी बोटीसारखी गेली म्हणे. बाजारात संध्याकाळपर्यंत हीच गोष्ट. जे भोजराजला अडीच महिन्यांत जमलं नाही ते हिरालालने ग्रीसच्या दोन बोटांत केलं.

आता माझं काय झालं ते पाहा. कापरं मी काढलं होतं, माझ्या ह्या हातांनी, आणि ते जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. चोर आपल्या चोरीचं कौतुक कुणाजवळ करणार? बरं, हिरालालने बढाई मारली असती तर मला निदान शिव्या घालता आल्या असत्या. तो केशवरावांना सरळ म्हणाला की क्रॉस चांगले होते, माझ्या ग्रीसने हे झालेलं नाही, मला कारण सापडलेलं नाही. तर लोक म्हणाले, पाहा, किती मोठा माणूस, केलेलं कामही अंगाला लावून घेत नाही. माझा जळफळाट झाला. खोटं बोलून मी लहान झालो आणि खरं बोलून तो मोठा.

पुढच्या खेपेला कुंताबाई नागपूरहून आली ती आपल्या पायांनी उतरली. दुसऱ्या दिवशी तिने चिन्नोर तांदळाचं गाठोडं हिरालालच्या घरी पाठवलं. वीस वर्षं तसं गाठोडं फक्त माझ्या घरी यायचं. त्या वर्षीही आलं, तितकंच मोठं. मी शकुनला म्हटलं, परत पाठव. ती म्हणाली, "बाई बरी झाली त्याचा आनंद नाई तुमाले?" खरं सांगायचं तर, ती उतरताना पाहिलं तेव्हा मला आधी हिरालाल आठवला आणि मग तिची कंबर.

चार दिवसांनी हिरालाल माझ्या शेडमध्ये आला. पहिल्यांदाच. बाजेवर बसला, वही उघडली. कारणाचा रकाना कोरा होता. म्हणाला की शाफ्टवर एका जागी तारेची घासलेली रिंग आहे, चकचकीत. बाकी शाफ्टवर चिखल आणि तिथे हातभर जागा साफ. मग माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "तिथं काही बांधलं होतं का, भोजराजभाऊ? तुमी ती गाडी अठरा वर्ष पाह्यली."

मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

त्याने वही मिटली, माझ्या खड्ड्याचं बांधकाम चांगलं आहे म्हणाला आणि गेला. त्याला कळलं होतं. कळूनही त्याने बाजारात एक शब्द काढला नाही, आणि ह्याचाच मला जास्त राग आला. माझी इज्जत ह्या माणसाच्या खिशात आणि तो ती वाजवतही नाही.

दसरा आला. मिलमध्ये यंत्रांची पूजा, गाडीला झेंडूचा हार. हिरालाल नव्हता. दसऱ्याला तो आणि त्याच्या वस्तीतले सगळे दीक्षाभूमीला, नागपूरला जातात. केशवराव त्याचा मानाचा नारळ बाजूला काढून ठेवत म्हणाले की उद्या आल्यावर देऊ, यंदा पहिला मान त्याचा. मी माझा नारळ घेतला आणि हसलो. जबडा दुखला.

सगळे पांगल्यावर कुंताबाईने मला गाडीजवळ बोलावलं. हातात पदराखाली काळी पुडी. पार्वताबाईकडून नवी आणली होती. म्हणाली, "मागची फळली, भाऊ. पाहा, मी चालून राहिली. हिरालालच्या हाताले यश देलं ते त्या पुडीनंच. आता ही बांध, तिथंच."

पुडी हातात घेतली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही मागच्यापेक्षा जड होती. तिथेच बांधली, वरून दोन नट अडकवून दिले, तर चिखलाचीही गरज नाही. पुढच्या खेपेला भंडाऱ्यापुढे चाळीसवर कापरं परत. हिरालालचं ग्रीस फुकट गेलं असं सारा बाजार म्हणेल. तो परत चाकं फिरवेल, वहीत लिहील. आणि त्याच्या आधी मी खाली जाईन आणि कारण हातात धरून बाहेर येईन. मी, भोजराज. फक्त एक खेप. एका खेपेने काय होतं?

मी गाडीखाली शिरलो. घासलेली रिंग दिसली. पुडी तिथे धरली आणि तारेचे दोन वेढे घेतले. चाकांच्या मधून कुंताबाईचे पाय दिसत होते. ती उभी होती. खुर्ची जवळ असून बसली नव्हती, कारण बसलं की उठताना त्रास व्हायचा. थोड्या थोड्या वेळाने ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती, आणि दर वेळी वर मडगार्डला धरल्याचा पत्र्याचा आवाज यायचा.

"घट्ट बांध, भाऊ," ती वरून म्हणाली. "सुटली नाई पाह्यजे."

मला रडू आलं. रागाने की कशाने, माहीत नाही. मी वेढे सोडवले, बाहेर आलो आणि पुडी तिच्या हातात परत दिली. म्हटलं, "बाई, कापरं ह्यानंच होतं. मी बांधली, तिच्यावर चिखल चढला, शाफ्ट लंगडा झाला. हिरालालनं काही केलं नाई. त्याच्या आधी सकाळी येऊन मीच काढली."

तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिने विचारलं, "मग तवाच सांगितलं काहून नाई?"

"तू त्याले मानशीन," मी म्हटलं, "आन मले मानशीन नाई, म्हणून."

रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात बोलली.

"आषाढातच यांनी म्हटलं होतं, हिरालालले बोलावू. मीच नाई म्हटलं. म्हटलं, भोजराजच्या हातची गाडी दुसऱ्याच्या हाती देली तर त्याले काय वाटंन. तीन खेपा मी पदर तोंडात कोंबून गेली. यांले कण्हणं ऐकू जाऊ नाई म्हणून. कमी झालं म्हणून तुले सांगत राहिली. आन तू मले एक दिवस सांगू नाई शकला."

मला वाटत होतं ती माझ्या हातून निसटते आहे. आणि ती अडीच महिने, कंबर मोडत असताना, मला धरून होती. तिला सोडलं ते मी. मी पुढे झालो, काहीतरी बोलणार होतो, पण तिने हात वर केला. मडगार्डचा आधार सोडून ती एकटीच व्हरांड्याच्या दोन पायऱ्या चढली. मी धरायला गेलो नाही. दाराशी सून वच्छला उभी होती. कुंताबाई तिच्याजवळ थांबली, पण मागे वळून पाहिलं नाही.

"मिस्त्रीले चहा दे," ती म्हणाली आणि आत गेली.